आजोबांच्या पलीकडे काय? गडचिरोलीतल्या बंगाली कुटुंबाचा माग काढताना

मुलचेरा तालुक्यातल्या एका गावात आजींची मुलाखत संपवून मी वही मिटली. तोवर दारात उभी राहून ऐकणारी त्यांची नात पुढे आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या घराण्याचा सगळा इतिहास शोधून काढला, तर त्यावर मला जातीचा दाखला मिळेल का?"

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "बघून सांगते" म्हणाले आणि निघाले. ते उत्तर शोधता शोधता मी कुटुंबाचा इतिहास शोधण्याची पद्धत शिकले. पेटची किंवा नेटची तयारी करता करता विषय शोधणाऱ्यांसाठी, विशेषतः ज्यांना स्थलांतर, गाव, जात, जमीन यांवर काम करायचं आहे त्यांच्यासाठी, ती इथे मांडते. नातीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी येईल, कारण मलाही ते शेवटीच मिळालं.

आधी थोडी पार्श्वभूमी

चामोर्शीहून घोट, मुलचेरा या बाजूला गेलात की गावांच्या पाट्या एकदम बदलतात. सुंदरनगर, विवेकानंदपूर, शांतिग्राम, सुभाषग्राम. आजूबाजूला माडिया-गोंडांची आणि जुनी मराठी गावं, आणि मध्येच ही बंगाली नावं. ही वस्ती मुख्यतः १९६० च्या दशकातली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमीन देऊन वसवलं. त्यातले बरेचसे नमशूद्र समाजाचे, खुलना, जेसोर, फरीदपूर, बारिसाल या जिल्ह्यांतले शेतकरी आणि मासेमार.

फाळणी १९४७ ची, मग लोक १९६४ मध्ये का आले? कारण पूर्वेकडची फाळणी एकदा होऊन संपली नाही. १९५० मध्ये बारिसाल-खुलना भागात मोठ्या दंगली झाल्या, तेव्हा एक लाट आली. डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस चोरीला गेला. पुढच्या काही दिवसांत तो सापडलाही, पण त्यावरून जानेवारी १९६४ मध्ये खुलना आणि इतर ठिकाणी दंगली पेटल्या आणि आणखी एक मोठी लाट आली. तोपर्यंत पश्चिम बंगाल सरकार म्हणत होतं की आमच्याकडे आता जागा नाही. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झालेलाच होता, बस्तर आणि कोरापुटच्या जंगलात निर्वासितांना वसवण्यासाठी. रायपूरजवळच्या माना इथे छावण्या होत्या. तिथून लोकांना वेगवेगळ्या ठिकाणी पाठवलं गेलं, त्यातलं एक ठिकाण म्हणजे आपला तेव्हाचा चांदा जिल्हा.

म्हणजे आज तिशीत असलेल्या माणसाचे आजोबा सीमा ओलांडून आले. आजोबांचं नाव घरात सगळ्यांना माहीत असतं. पणजोबांचं नाव विचारलं की घर शांत होतं.

कॅन्ससमध्ये जे सोपं, ते इथे अवघड का?

मेनोनाइट नावाचा एक शांततावादी ख्रिस्ती पंथ आहे. त्यांचे लोक रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये, शेती करून राहत होते. लष्करी सेवेतून मिळालेली सूट जाणार असं दिसल्यावर १८७४ पासून ते अमेरिकेच्या मैदानी भागात, कॅन्सस-नेब्रास्काकडे निघाले. काही वर्षांत सुमारे १८ हजार लोक अमेरिका आणि कॅनडात गेले. अलेक्झांडरवोल नावाची एक अख्खी मंडळी १८७४ मध्ये कॅन्ससला गेली. आज त्यांचे वंशज बसल्या जागी सात-आठ पिढ्या मागे जातात.

ते कशामुळे जमतं? तीन प्रकारच्या कागदांमुळे. पहिला, चर्चची नोंदवही: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. मंडळी हलली तशी ही वहीही सोबत गेली. दुसरा, जहाजाची प्रवासी यादी. तिसरा, जनगणना. अमेरिकेत जनगणनेतली घराघराची माहिती ७२ वर्षांनी सर्वांना खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली.

आता आपल्याकडे बघा. बाप्तिस्म्यासारखी नोंद नाही. जहाज नाही, लोक होडीने, पायी आणि रेल्वेने आले. आणि १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घराघराच्या नोंदी कोणालाच बघायला मिळत नाहीत. फक्त एकत्रित तक्ते छापले जातात. महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत किंवा कोल्हापूर-सांगलीकडे हेळव्यांच्या चोपड्यांत वंशावळ सापडते. इथल्या बंगाली घरांजवळ तसं काही असल्याचं मला कोणी सांगितलं नाही.

पण मेनोनाइटांच्या अभ्यासातून एक गोष्ट जशीच्या तशी घेता येते. माणसं एकटी स्थलांतर करत नाहीत. भाऊ, मेहुणे, शेजारी, एकाच गुरूचे शिष्य असे मिळून निघतात. त्यामुळे एका माणसाचा कागद सापडत नसेल, तर त्याच्या सोबतच्या माणसांचा शोधायचा. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढचा सगळा लेख त्याभोवतीच आहे.

अलीकडून पलीकडे जा

नवीन संशोधकाची पहिली चूक म्हणजे थेट खुलन्यात उडी मारणं. आधी गडचिरोलीतले कागद संपवा.

सर्वात उपयोगी कागद तलाठ्याकडे असतो. सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण कुटुंबाचा इतिहास सातबाऱ्यात नसतो, तो फेरफारात असतो. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, आणि ६-क म्हणजे वारसांची नोंदवही. ज्याला जमीन मिळाली तो माणूस वारला की वारस म्हणून पत्नी, मुलगे, मुली सगळ्यांची नावं लागतात. घरात तोंडी वंशावळ विचारली तर मुली हमखास गळतात; फेरफारात त्या सापडतात. पुढे हक्कसोड झाली असेल तर त्यांच्या सासरच्या गावाचं नावही मिळतं. त्या गावात जा. कित्येकदा माहेरचा जुना कागद सासरी गेलेल्या मुलीच्या पेटीत असतो.

दुसरा कागद शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर. त्यात जन्मस्थानाचा रकाना बघा. तिथे 'पूर्व पाकिस्तान', 'माना कॅम्प' किंवा नुसतं 'कॅम्प' असं लिहिलं असेल, तर एका कुटुंबातल्या भावंडांची जन्मस्थानं क्रमाने मांडा. थोरली खुलन्यात, मधला मान्यात, धाकटा इथे, असा क्रम मिळाला की कुटुंब कोणत्या दोन वर्षांच्या मध्ये कुठे होतं हे कळतं. फक्त जन्मतारखेवर जास्त भरवसा ठेवू नका. १ जूनला जन्मलेली मुलं आपल्या शाळांत किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तिसरा, जन्म-मृत्यूच्या नोंदी: जुन्या मध्य प्रांताच्या पद्धतीची कोतवाल पंजी आणि नंतरच्या ग्रामपंचायतीच्या नोंदी.

चौथा, घरातली पत्र्याची पेटी. सीमेवर मिळालेली चिठ्ठी, मायग्रेशन सर्टिफिकेट, छावणीचं रेशनकार्ड, नागरिकत्वाचा दाखला, जमिनीचा पट्टा, यातलं काहीही असू शकतं. मूळ कागद कधीही घरी घेऊन जाऊ नका. तिथेच, घरच्यांसमोर, दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागच्या बाजूला शिक्के असतात, आणि शिक्क्यांवरून मार्ग कळतो.

इथे जिल्ह्याचा इतिहास माहीत असावा लागतो. चांदा आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. म्हणून १९७० च्या कागदावर 'जि. चंद्रपूर' दिसलं तर कुटुंब चंद्रपूरहून आलं असं लिहू नका. ते होतं तिथेच होतं, जिल्हा बदलला. तसंच जुन्या कागदांवर चामोर्शी किंवा मुलचेरा तालुका शोधत बसू नका; तेव्हाचे मोठे तालुके गडचिरोली आणि सिरोंचा. पुनर्वसनाचं काम केंद्र सरकारचंही असल्यामुळे काही फायली दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात असतात. 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर विषय टाकून शोधता येतं. लोकसभेतल्या चर्चा आणि अंदाज समितीचे अहवालही ऑनलाइन आहेत.

प्रत्येक कागद कोणत्या तरी प्रश्नाचं उत्तर असतो

सरकारी कागद कुटुंबाचा इतिहास लिहिण्यासाठी बनत नाही. कोणीतरी अधिकारी एक प्रश्न विचारतो आणि कारकून त्याचं उत्तर लिहितो. तो प्रश्न कळला नाही तर उत्तराचा अर्थ चुकतो.

उदाहरण बघू. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांचे सरकारने तारखेवरून गट केले होते. ३१ मार्च १९५८ पर्यंत आलेले 'जुने', १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ मध्ये आलेले 'नवे'. मधल्या काळात, म्हणजे १ एप्रिल १९५८ ते ३१ डिसेंबर १९६३ मध्ये जे आले त्यांना पुनर्वसनाची मदत नव्हती. आणि 'नव्यां'ना मदत हवी असेल तर पश्चिम बंगालबाहेर जायला तयार व्हावं लागे.

आता विचार करा. एखादं कुटुंब १९६२ मध्ये नातेवाइकांकडे आलं, दोन वर्षं कसंबसं राहिलं आणि १९६४ मध्ये छावणीत नोंदलं गेलं. कागदावर येण्याचं वर्ष १९६४ असणार. हे खोटं म्हणायचं का? मी म्हणत नाही. कागद सांगतो की सरकारने या कुटुंबाला कधीपासून मोजलं. कुटुंब कधी निघालं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आजींकडे आहे. तुमच्या तक्त्यात दोन रकाने ठेवा: 'नोंदीची तारीख' आणि 'सांगितलेली तारीख'. दोन्ही जुळल्या नाहीत तर एक खोडून टाकू नका.

कुटुंबाची व्याख्याही अशीच. कमावता पुरुष नसलेल्या बायका, म्हातारे, आजारी यांना 'कायमचा भार' अशा अर्थाच्या सरकारी वर्गात टाकून वेगळं ठेवलं जाई. त्यामुळे जमीन मिळालेल्यांच्या यादीत विधवा आत्या नाही, म्हणून ती वाटेत वारली असा निष्कर्ष काढू नका. ती कदाचित मान्यालाच राहिली असेल.

नावांचे घोटाळे

मराठी अर्जात मधलं नाव म्हणजे वडिलांचं. बंगाली नावात मध्ये 'चंद्र', 'नाथ', 'रंजन', 'कुमार' असतं, ते वडिलांचं नाव नसतं. आता मराठी कारकुनासमोर एक बंगाली शेतकरी उभा आहे, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, आणि रकाना तर भरायचाच आहे. मग 'चंद्र' हेच वडिलांचं नाव होऊन बसतं. वंशावळीत अचानक एक 'चंद्र' नावाचे पणजोबा उगवले तर आधी हा संशय घ्या.

बंगालीत ब आणि व यांना एकच अक्षर आहे. म्हणून एकाच माणसाचं नाव एका कागदावर 'बिभूती' आणि दुसऱ्यावर 'विभूती', आडनाव कुठे 'बिश्वास' तर कुठे 'विश्वास'. शोधताना सगळी रूपं लिहून काढा. मंडल, विश्वास, सरकार, हालदार ही आडनावं तर इतकी सर्रास आहेत की नुसत्या आडनावावरून नातं जोडणं म्हणजे आपल्याकडे सगळे पाटील एकाच घराण्यातले मानण्यासारखं आहे. बायकांच्या नावांमागे 'दासी' किंवा 'बाला' लागतं. ते आडनाव समजू नका.

काळाचे घोटाळे: माझी स्वतःची चूक

आजी म्हणाल्या होत्या, "मा, पन्नासच्या आकालात मी आईच्या कडेवर होते." मी लगेच वहीत लिहिलं: जन्म अंदाजे १९४९. घरी येऊन हिशोब केला तर काही जुळेना. १९६४ मध्ये त्या दोन मुलं घेऊन निघाल्या होत्या. म्हणजे पंधराव्या वर्षी दोन मुलं? अशक्य नाही, पण त्यांनी सांगितलेल्या इतर गोष्टींशी ते बसत नव्हतं. मी चक्क "स्मृती विश्वसनीय नाही" असा शेरा मारून मोकळी झाले.

स्मृती बरोबर होती, चूक माझी होती. आजींचं पन्नास बंगाली सनातलं होतं, १३५०. बंगाली सनात ५९३ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ५९४). १३५० म्हणजे १९४३-४४, म्हणजे बंगालचा तो भीषण दुष्काळ. आजींचा जन्म १९४२ च्या आसपासचा आणि १९६४ मध्ये त्या बावीस वर्षांच्या. सगळं जुळलं. तो शेरा मी खोडला, पण खोडलेला तसाच दिसू दिला, कारण पुढे प्रबंधात मला याबद्दल लिहायचं आहे. मुलाखत देणारा माणूस चुकतोय असं वाटलं की आधी आपलं पंचांग तपासा.

असेच टेकू आणखी मिळतात. 'पौष-माघ सत्तर' म्हणजे १३७० चा पौष-माघ, म्हणजे डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४, दंगलीचा काळ. 'पासपोर्ट सुरू झाला ते वर्ष' म्हणजे १९५२. तारीख विचारू नका, घटना विचारा: तेव्हा शेतात काय उभं होतं, घरात कोण तान्हं होतं, नदीला पाणी किती होतं.

सीमा ओलांडताना: शेजारी मोजा

आता खरा खड्डा. गडचिरोलीतले सगळे कागद मिळून तुम्हाला फार तर 'जि. खुलना' एवढं देतात. अख्ख्या जिल्ह्यात एक गाव कसं शोधणार?

इथे पहिल्या पानावरचं वाक्य कामी येतं. एका घराऐवजी एका वस्तीतली दहा-पंधरा घरं घ्या. प्रत्येकाला तेच प्रश्न: मूळ गाव, पोस्ट, ठाणं, जवळचा बाजार कोणता, कोणती नदी ओलांडून जायचं, आईचं माहेर, बायकोचं माहेर, कोणत्या गोसाईंचे शिष्य, कोणत्या मेळ्याला जायचे. नमशूद्रांत मतुआ पंथाचा मोठा प्रभाव आहे. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांचं स्थान फरीदपूरमधलं ओराकांदी. तिथल्या चैत्रातल्या वारुणी मेळ्याला लोक गावागावांतून दिंडीसारखे गट करून जात. कोण कोणाच्या गटातून जायचं, हे आजही म्हाताऱ्यांना आठवतं. आपल्याकडे दिंडीवरून गाव कळतं तसंच हे. चार घरांनी एकमेकांना न विचारता एकाच बाजाराचं नाव घेतलं, की शोध एका जिल्ह्यावरून दहा-वीस गावांवर येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. मेनोनाइटांशी असलेलं साम्य इथे संपतं. त्यांची मंडळी मुळातच एकत्र होती. इथले अनेक शेजारी छावणीत शेजारी झाले. म्हणून प्रत्येक जोडीला एक प्रश्न विचारायचाच: "तुमची ओळख कुठे झाली? गावात, स्टेशनवर, की मान्यात?" लग्नंसुद्धा तपासा. सीमा ओलांडण्याआधी झालेल्या सोयरिकी मूळ भूगोल सांगतात. नंतरच्या सोयरिकी छावणीचा भूगोल सांगतात. दोन्ही महत्त्वाच्या, पण एकमेकींत मिसळल्या तर नकाशा चुकतो.

गाव अंदाजाने ठरलं की बांगलादेशातली जमिनीची नोंद बघायची. तिला खतियान म्हणतात. इंग्रज काळातल्या पहिल्या सविस्तर मोजणीत रयतेचं नाव, वडिलांचं नाव, हिस्सा आणि दाग क्रमांक, म्हणजे आपला गट नंबर, नोंदवला गेला. ही मोजणी बाकरगंज म्हणजे बारिसालमध्ये १९००-०८, फरीदपूरमध्ये १९०४-१४, जेसोरमध्ये १९२०-२४ आणि खुलन्यात १९२०-२६ या काळात झाली. जमीनदारी गेल्यावर १९५० च्या दशकात पुन्हा एक मोजणी झाली. दोन्हींत वडिलांचं नाव असल्यामुळे एका खतियानातून दोन पिढ्या मिळतात, आणि दोन मोजण्या जोडल्या तर तीन-चार. बांगलादेश सरकारच्या भूमी विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, उपजिल्हा, मौजा आणि मोजणीचा प्रकार निवडून शोधता येतं. बंगाली लिपी शिकायला घाबरू नका. देवनागरी वाचणाऱ्याला महिनाभरात वाचण्यापुरती येते.

तिथेही जिल्हे बदलले आहेत. १९८४ मध्ये जुन्या खुलन्यातून बागेरहाट आणि सातखिरा, फरीदपूरमधून गोपालगंज, मदारीपूर वगैरे, बारिसालमधून पिरोजपूर, झालकाठी वेगळे झाले. आजींचं 'फरीदपूर' आज नकाशावर गोपालगंजमध्ये असू शकतं. ओराकांदीही तिथेच आहे.

आणि खतियानात नाव नाही म्हणून कुटुंब तिथलं नव्हतं असं म्हणू नका. बटईने जमीन कसणाऱ्यांची नावं बहुधा रयत म्हणून लागलीच नाहीत. नमशूद्रांत असे बटईदार पुष्कळ होते. ज्याच्याकडे जमीन, त्याचाच इतिहास कागदावर, हे तिकडेही खरं आणि इकडेही.

दाखल्याचा प्रश्न

आता त्या मुलीला काय सांगायचं?

समजा, सगळं जमलं. १९२० च्या दशकातल्या खतियानावर तिच्या खापरपणजोबांचं नाव सापडलं. तरी तिला महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळणार नाही. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. नमशूद्र पश्चिम बंगालच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सांगितलं आहे, आणि तो खटला मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशावरूनच उभा राहिला होता. यादी बदलायची तर संविधानाच्या ३४१ व्या कलमानुसार संसदेला कायदा करावा लागतो. म्हणजे तिची अडचण पुराव्याची नाही, यादीची आहे. इथल्या बंगाली समाजाची मागणीही त्याचसाठी आहे.

जंगल जमिनीचंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्यात इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. १९६० च्या दशकात सरकारनेच आणून वसवलेल्या माणसाला हे गणित कधीच जमणार नाही, वंशावळ कितीही लांब असली तरी.

हे मी दुसऱ्या भेटीत तिला जसंच्या तसं सांगितलं. सांगणं सोपं नव्हतं. पण न सांगता मुलाखती घेत राहिले असते तर ती फसवणूक झाली असती. लोक आपल्याला वेळ देतात तेव्हा त्यांच्या मनात एक आशा असते. ती आपण पूर्ण करू शकत नसलो, तर ते पहिल्या बैठकीतच सांगायला हवं. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे हे काम झालं असं नाही.

दुसरी जबाबदारी प्रकाशनाची. येण्याची तारीख, सीमेवरचं ठिकाण, बदललेलं नाव ही आपल्यासाठी माहिती असते, त्यांच्यासाठी नागरिकत्वाचा प्रश्न होऊ शकते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक आहे, त्यामुळे इथे जन्मलेल्या दुसऱ्या पिढीला त्या कायद्याचा आधार आहे. पण ज्यांच्याकडे जन्माचा कागदच नाही, त्यांची भीती खरी आहे. म्हणून माझ्या प्रबंधात कुटुंबांची नावं नाहीत, गावांचीही बदललेली आहेत, आणि मूळ तक्ता फक्त त्या-त्या घराला दिला आहे.

जंगल मोकळं नव्हतं

आराखडा लिहिताना आणखी एक रकाना ठेवा. पुनर्वसनाच्या कागदांत 'जंगल साफ करून जमीन दिली' असं वाचलं की थांबा. त्या जंगलात कोणाची गुरं चरत होती, मोहफुलं कोण वेचत होतं, कोणाचा देव तिथे होता? शेजारच्या माडिया-गोंड गावात जाऊन हे विचारा. तिथल्या निस्तार पत्रकात गावाचे जंगलातले जुने हक्क लिहिलेले असतात, आणि वनहक्काच्या दाव्यांत हेच कागद उपयोगी पडले आहेत. एका कुटुंबाला आसरा मिळाला तेव्हा दुसऱ्या गावाचं चराऊ रान कमी झालं असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच पानावर याव्यात. यात कोणाची बाजू घ्यायची घाई नको. दोन्हीकडचे लोक आज एकाच आठवडी बाजारात बसतात.

आराखड्यात काय लिहाल?

थोडक्यात, तुमच्या प्रस्तावात इतकं असू द्या: एका व्यक्तीऐवजी दहा-पंधरा घरांचा गट, आजपासून मागे जाणारा क्रम, प्रत्येक कागदापुढे 'हा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे' असा रकाना, नावांची सगळी रूपं, दोन पंचांगं, आणि लोकांना काय मिळणार नाही याची पहिल्या दिवशी दिलेली कबुली. मार्गदर्शक विचारतील, "गृहीतक काय?" तेव्हा बिनधास्त सांगा की वंशावळ कुठे तुटते, आणि तिथेच का तुटते, हाच आमचा प्रश्न आहे.

त्या मुलीचं काय झालं? दाखल्याचं ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ठीक आहे ताई. पण ते आजीच्या आईचं गाव सापडतंय का तेवढं बघा." त्यानंतर तिने स्वतःच वस्तीतल्या अकरा घरांत फिरून बाजार, नदी आणि मेळ्याची यादी करून मला पाठवली. त्यातल्या पाच घरांनी एकाच बाजाराचं नाव घेतलं आहे. सध्या मी त्या बाजाराच्या आसपासच्या मौजांचे खतियान एकेक करून बघते आहे.